बाबांच्या नावाचा पास

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आमची प्रयोगशाळा बंद व्हायची, आणि तिथपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत मी कुणाच्याही उपयोगाचा नसायचो.

सांडपाण्याचं शुद्धीकरण या विषयाचं पुढचं शिक्षण घ्यायला मी परदेशात आलो होतो. बाबा ओळखीपाळखीत ‘जलशास्त्र’ असं सांगतात, आई नुसतंच ‘पाण्याचं काहीतरी’ म्हणते, आणि खोटं दोघांचंही नाही. आठवड्याचे पाच दिवस मी शहराबाहेरच्या केंद्रात टाक्यांच्या कठड्याला टेकून पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय याच्या नोंदी वहीत करायचो. त्या पाच दिवसांत मला कसलाच त्रास नव्हता. सांडपाण्याच्या टाकीशेजारी माणूस सुखात राहू शकतो, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. पण शनिवार उजाडला की अंगात काहीतरी शिरायचं. पलंगावर बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की खिडकी उघडावीशी वाटायची, उघडली की बंद करावीशी. खोली लांबीला सात पावलं होती आणि रुंदीला साडेचार. हे मी पहिल्याच शनिवारी मोजलं होतं. पुढच्या शनिवारी त्यात काही फरक पडलाय का ते तपासत होतो. टेबल खिडकीखाली सरकवायचं, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून भिंतीशी न्यायचं, भिंतीशी कोंडल्यासारखं होतं म्हणून पुन्हा खिडकीखाली.

खाली घरमालकीणबाई राहायच्या. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. माणसाकडे बघताना त्या आधी त्याची जीभ तपासताहेत असं वाटायचं. एका शनिवारी त्या जिना चढून वर आल्या.

“तुम्ही दिवसभर वर काय करता?”

“अभ्यास.”

“तुमच्या अभ्यासाला चाकं आहेत का?” त्यांनी टेबलाच्या पायांकडे बघत विचारलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी निदान केलं. “तुम्ही बाहेर पडा. लांब कुठेतरी जा. रात्री चांगली झोप लागेल. तुम्हाला आणि मलाही.”

शेजारच्या खोलीत माझ्याच विद्यापीठातला एक मुलगा होता. तो प्रत्येक दारातून वाकून जायचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात लांबोडा म्हणायचो. तो दर शुक्रवारी पाठीला पिशवी लावून निघायचा आणि आत्तापर्यंत अकरा गावं बघून आला होता. आल्यावर मात्र तिथे काय काय बंद होतं तेवढंच सांगायचा. संग्रहालय बंद होतं, किल्ल्याचा जिना बंद होता, कारंजं दुरुस्तीला काढलं होतं. तरी पुढच्या शुक्रवारी हा पुन्हा तयार.

आणि घरी बाबा. बाबांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “या आठवड्यात काय पाहिलंस?” पहिल्या रविवारी मी त्यांना विद्यापीठाची लायब्ररी सांगितली. मग बाग झाली. बाराव्या रविवारी मी लायब्ररीची मागची बाजू वर्णन करून सांगितली.

“तिकडे समुद्र आहे म्हणे,” बाबा म्हणाले.

“तीन तासांवर आहे.”

“मग?”

मी समुद्र बघायचं ठरवलं.

विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारचा रेल्वेचा पास मिळतो, अशी माहिती लांबोड्याने दिली. “फॉर्म भरायचा, फोटो द्यायचा, पाच मिनिटांचं काम,” तो म्हणाला. पाच मिनिटांचं काम असं कुणी म्हटलं की बाबा लगेच झेरॉक्स काढायला जातात. ते का, हे मला तेव्हा कळलं. पासासाठी विद्यार्थी असल्याचा दाखला हवा होता, दाखल्यावर विभागाचा शिक्का हवा होता आणि शिक्का फक्त बुधवारी दहा ते अकरा मारला जायचा. बुधवारी गेलो तर शिक्का होता, पण शिक्क्याच्या बाई रजेवर होत्या. त्याच्या पुढच्या बुधवारी बाई होत्या. त्यांनी शिक्का मारला, मात्र माझ्या फोटोत उजवा कान दिसत नाही हे त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं. कान दाखवणारा फोटो काढून मी स्टेशनातल्या पासाच्या खिडकीशी पोचलो.

खिडकीतल्या क्लार्कबाईंनी माझी कागदपत्रं वाचली आणि पेन खाली ठेवलं. “तुमची पहिली नावं दोन आहेत.”

“एक माझं आहे. दुसरं वडिलांचं.”

“वडिलांना पण पास हवाय?”

“नाही. आमच्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतात.”

“का?” बाईंनी खरंच कुतूहलाने विचारलं. मागे रांग होती. चार महिन्यांत शिकलेल्या त्यांच्या भाषेत मला याचं उत्तर देता येईना. खरं तर मराठीतही मला ते नीट देता आलं नसतं.

“कॉम्प्युटर एकच घेतो,” त्या म्हणाल्या. “मला उच्चारता येतंय ते ठेवते.”

त्यांना बाबांचं नाव उच्चारता आलं.

पास हातात पडला तेव्हा त्याच्यावर दोन्ही कानांसकट माझा फोटो होता, आणि खाली बाबांचं नाव. दुरुस्तीसाठी पास जमा करावा लागतो आणि परत यायला तीन आठवडे लागतात, असं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी सल्ले घेतले. घरमालकीणबाई म्हणाल्या, “तीन आठवडे थांबा.” मग त्यांना वरचं टेबल आठवलं असावं. “नाही, जाऊन या.” लांबोडा म्हणाला, “कुणी बघत नाही रे. मी अकरा गावं फिरलो, एकदाही तपासला नाही.” बाबा फोनवर म्हणाले, “आधी अर्ज दे. विषयात लिही, नावात झालेल्या चुकीबाबत. एक प्रत स्वतःजवळ ठेव.” मग त्यांनी विचारलं, “माझं स्पेलिंग बरोबर लिहिलंय का त्यांनी?”

बरोबर होतं. त्यांच्या आवाजात किंचित समाधान जाणवलं.

शनिवारी सकाळी आठ पाचच्या गाडीत मी बसलो. सोबत बॅग होती. तिच्यात दोन उकडलेली अंडी, पाव, खोलीची किल्ली, आणि नोंदींची वही. वही कशाला, असं कुणीही विचारेल. पण नुसतं फिरायला म्हणून घराबाहेर पडणं आमच्या घराण्यात बसत नाही. लग्नाला जाताना आम्ही वाटेत दळण टाकून जातो. सोमवारी सकाळी नऊला अहवाल द्यायचा होता, सात आठवड्यांचे आकडे त्या एकाच वहीत होते, तेव्हा समुद्रकाठी बसून आलेख काढू असा माझा बेत होता.

तासाभराने तपासनीस आली. चष्म्याची दोरी गळ्यात घातलेली, शांत चेहऱ्याची बाई. तिने पास बघितला, मला बघितलं, पुन्हा पास बघितला.

“तुमचं ओळखपत्र?”

मी विद्यापीठाचं कार्ड दिलं. त्याच्यावर माझंच नाव होतं, त्यामुळे घोटाळा पूर्ण झाला.

“हे दुसरे कोण?” तिने पासावर बोट ठेवलं.

मला म्हणायचं होतं की ते माझ्या वडिलांचं नाव आहे. त्यांच्या भाषेत वाक्याचे सगळे तुकडे योग्य जागी पडावे लागतात. माझे पडले नाहीत.

“मी माझा बाप आहे,” मी म्हणालो.

समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं.

तपासनीस रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आवाज आणखी मऊ केला, जसा आपण जिन्यावर चक्कर आलेल्या माणसाशी बोलताना करतो. “पुढच्या स्टेशनवर गाडी चार मिनिटं थांबते. तिथे उतरून एक जबाब लिहून द्या. माझ्यासोबत या.”

मी उतरलो. बॅग वरच्या फळीवर तशीच राहिली, कारण चार मिनिटांत मी परत येणार होतो. आपण निर्दोष असलो की सगळं चार मिनिटांत मिटतं, अशी माझी तेव्हापर्यंत समजूत होती.

ते स्टेशन म्हणजे एक फलाट, एक खोली आणि दहा-बारा कुंड्या. तिकीट विकणं, घोषणा करणं, फलाट झाडणं, सगळं एकच बाई करत होती. तपासनीसबाईने मला तिच्या ताब्यात दिलं आणि ती परत गाडीत चढली. स्टेशनवालीने माझ्यासमोर फॉर्म ठेवला. ‘दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने प्रवास करण्याचे कारण’ या रकान्याला तीन ओळी होत्या. मी दुसरी ओळ लिहीत असताना गाडी हलली. मी धावत बाहेर आलो. खिडकीतून मला माझी बॅग दिसली, आणि तिच्या खाली वर्तमानपत्रवाले गृहस्थ, माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने बघत.

मी फलाटाच्या टोकापर्यंत धावलो आणि मग फलाट संपला.

स्टेशनवालीने दोन फोन केले. “बॅग शेवटच्या स्टेशनवर उतरवून घेतील,” तिने सांगितलं. “समुद्राजवळ. हरवलेल्या वस्तूंची कचेरी आज एक वाजता बंद होते.”

“आणि मग?”

“सोमवारी दहाला उघडते.”

माझा अहवाल नऊला होता. साहजिकच.

“पुढची गाडी?”

“अकरा दहा. पोचायला दीड तास. बसा.”

मला बसता येईना. मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. दोनशे बारा पावलं. परत येताना दोनशे सोळा भरली, म्हणून पुन्हा मोजायला गेलो. सात आठवड्यांचा प्राणवायू अनोळखी लोकांबरोबर समुद्राकडे चालला होता. मार्गदर्शकांना काय सांगू? आकडे गाडीत राहिले म्हणून? तोंडात मारल्यासारखा चेहरा करून ते म्हणतील, तुम्ही आकडे घेऊन समुद्रावर कशाला गेला होतात? खरंच, कशाला गेलो होतो? खोलीत काय वाईट होतं? आणि पुन्हा खोलीत जायचं म्हटलं तर किल्लीही बॅगेत.

चौथ्या फेरीला स्टेशनवालीने माझ्या हातात झारी दिली. मी सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. मग नळावर झारी धुतली. मग बाकं पुसली. अकरा वाजता तिने माझा जबाब वाचून काढला. मी जोडपान लावून आमची नावं ठेवायची पद्धत आजोबांपासून समजावली होती. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि पासाच्या मागे शिक्का मारून लिहिलं, ‘धारक हाच आहे.’

“म्हणजे तुमच्या मुलाच्या नावात तुमचं नाव असेल?” तिने विचारलं.

“हो.”

“बरं आहे,” ती म्हणाली. “हरवणार नाही.” आणि गाडीची घोषणा करायला आत गेली. फलाटावर फक्त मीच होतो, तरी तिने ती दोनदा केली.

शेवटच्या स्टेशनला मी बाराला नाही, साडेबाराला नाही, एकला सतरा मिनिटं कमी असताना पोचलो. हरवलेल्या वस्तूंची कचेरी तळघरात होती. काउंटरमागचे वृद्ध क्लार्क टेबल आवरत होते. त्यांच्या मागच्या फळीवर छत्र्यांच्या ओळीत माझी बॅग दिसली, आणि मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

“नाव?”

मी माझं नाव सांगितलं. सबंध दिवसात पहिल्यांदाच मी कुठलीही गुंतागुंत न करता खरं बोललो होतो.

“मग ही तुमची नाही.” त्यांनी बॅगेच्या खणातलं कार्ड दाखवलं. ती बॅग मुळात बाबांची, कचेरीच्या दौऱ्यांवर नेण्याची. कार्डावर त्यांच्या टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत त्यांचं नाव आणि घरचा पत्ता.

भिंतीवरच्या घड्याळात चौदा मिनिटं उरली होती. आजोबांपासून समजावायला वेळ नव्हता. मी पास काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी कार्ड वाचलं, पास वाचला, फोटोतले दोन्ही कान माझ्या कानांशी ताडून पाहिले.

“हे तुम्हीच?”

“मीच,” मी बाबांसारखा खाकरून म्हणालो. मागे शिक्काही होता.

त्यांनी बॅग उघडली. मला हायसं वाटणार इतक्यात झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांना एक कागद चिकटवलेला दिसला. “हे काय लिहिलंय?”

“यादी आहे. सामानाची.”

“वाचा.”

मी वाचली. टॉवेल एक. साबणाची डबी एक. कंगवा. लहान आरसा. झाकणाचा पेला. चष्मा, जुना. दौऱ्यावरून निघताना एकही वस्तू मागे राहू नये म्हणून बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी ती चिकटवली होती.

क्लार्कनी बॅगेतून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली. वही, किल्ली, पाव, दोन अंडी. त्यांचा चेहरा गंभीर झाला. “यादीतलं काहीच नाही यात.”

“नसू दे.”

“असं कसं? बॅग आमच्या ताब्यात होती. सहा वस्तू गहाळ आहेत.” त्यांनी खणातून फॉर्म काढला. तीन प्रती होत्या. एका सचोटीच्या माणसाच्या नोकरीतला तो काळा दिवस होता आणि त्याला कारण मी होतो. मी परोपरीने सांगितलं की वस्तू नव्हत्याच. मग यादी का, या त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं. शेवटी एक मार्ग निघाला: मी लिहून द्यायचं. मी तीन प्रतींत लिहिलं की टॉवेलबाबत माझी काहीही तक्रार नाही, साबणाच्या डबीबाबत नाही, कंगवा, आरसा आणि पेला यांबाबतही नाही.

“आणि चष्मा?” त्यांनी हळूच विचारलं. “तो तुम्हाला लागत असेल.”

“आता लागत नाही.”

खाली मी सही केली. वयाच्या रकान्यात चोवीस लिहिलं. क्लार्कनी तो आकडा पाहिला, वरच्या ओळीतल्या जुन्या चष्म्याकडे पाहिलं, आणि एकाला एक मिनिट कमी असताना शिक्का मारला.

वही छातीशी धरून मी रस्त्यावर आलो. सरळ गेलात की समुद्र, असं कुणीतरी सांगितलं. सरळ गेलो. दगडी कठडा लागला, ओळीने बाकं लागली, आणि पलीकडे समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत करडा चिखल पसरला होता. त्यात पाच-सहा होड्या कुशीवर पडल्या होत्या. वास माझ्या पूर्ण ओळखीचा होता. असा वास घेण्यासाठी मला इतक्या लांब यायची गरज नव्हती.

कठड्याला रंग देत एक माणूस बसला होता. “समुद्र कुठे गेला?” मी त्याला विचारलं.

“बाहेर गेलाय,” तो ब्रश न थांबवता म्हणाला. “पाच-साडेपाचला येईल.”

परतीची गाडी पावणेदोनला होती. स्टेशनला जाता जाता निदान कळवून टाकावं म्हणून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

“दाखव,” ते म्हणाले.

मी फोन वळवला.

“हे काय आहे?”

“समुद्र.”

“हा चिखल आहे.”

“ओहोटी आहे, बाबा. पाणी साडेपाचला येणार. माझी गाडी पावणेदोनला आहे.”

“त्याच्यानंतर नाही?”

“आहे. साडेसहाला.”

बाबा कुणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी निघायची वेळ सांगतात. आमच्या घरी कोणत्याही सहलीचा पहिला फोटो परत येतानाचा असतो. तेव्हा ते काय सांगणार हे मला ठाऊक होतं, आणि मी स्टेशनच्या दिशेने वळलोही होतो.

“मग थांब की,” ते म्हणाले.

“साडेचार तास? काय करू इथे?”

तेवढ्यात फोन आईने घेतला. स्वयंपाकघरात नेलेला दिसला, कारण मागे शेगडी दिसायला लागली.

“थांब रे थोडा,” ती हळू आवाजात म्हणाली. “सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. दर शनिवारी घालतात.”

“फोन तर रविवारी असतो.”

“मी तेच सांगते. म्हणतात, माहितीये.” मग ती म्हणाली, “रविवारी दुसरा घालतात.”

तिने फोन परत बाहेर नेऊन दिला.

मी बाकावर बसलो. फोन बाकाच्या पाठीला टेकवून कठड्याकडे तोंड करून ठेवला, म्हणजे मला दिसतंय ते बाबांनाही दिसेल. अंडी खाल्ली. वही उघडून दोन आलेख काढले. बाबांनी विचारलं, त्या होड्या कुणाच्या. मी रंगवाल्याला विचारून सांगितलं. त्यांनी विचारलं, तो रंग कोणता देतोय, एक हात देतोय की दोन. दोन. हे त्यांना पटलं. फोन दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा त्यांचाच आला. पावणेदोनची गाडी मागून शिट्टी देऊन गेली आणि मी वळून बघितलंदेखील नाही.

ऊन उतरायला लागलं. चिखल होता तसाच दिसत होता. मी आलेखाला आकडे घालत होतो.

“अरे,” बाबा म्हणाले, “ती डावीकडची होडी हलली का?”

मी मान वर केली. मला काही दिसलं नाही. मी उठून कठड्याशी गेलो. होड्यांच्या खाली चिखलातून एक बारीकशी चकाकी सरकत होती, आवाज नाही, लाट नाही. कुशीवर पडलेली डावीकडची होडी हळूहळू सरळ होत होती.

“हलली,” मी म्हणालो.

मागे आईचा आवाज आला, “चहा टाकू का हो?”

“थांब जरा,” बाबा म्हणाले. “पाणी येतंय.”